फळांच्या रसाचे आंबवण मध्येच थांबले असता

वसई तालुक्यातील उमेळे व आसपासच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबांमध्ये नाताळासाठी फळांची वाइन घरी करण्याची चाल जुनी आहे. काळी द्राक्षे, जांभूळ, करवंद, अननस, आले, क्वचित चिकू किंवा पिकलेली केळी, जे हाताशी असेल त्याचा रस साखर व यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत आंबत ठेवला जातो. पहिले चार-पाच दिवस बरणी खदखदते, वर फेस येतो, आणि मग एके दिवशी सर्व शांत होते. चव घेऊन पाहावी तर रस अद्याप पाकासारखा गोड. अशा वेळी बहुधा दोन चुका होतात. कोणी आणखी साखर घालतो. कोणी "झाले असेल" असे समजून रस बाटल्यांत भरून बुचे घट्ट ठोकतो. पहिल्या चुकीने रस वाया जातो. दुसरी चूक अधिक भयंकर आहे, कारण थांबलेले आंबवण उबेने पुन्हा सुरू झाले की वायूच्या दाबाने बाटली फुटते आणि काचा माणसांच्या अंगावर उडतात.

ह्या विषयात शिरण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असणे आवश्यक आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) मद्यार्क असलेला कोणताही द्रव परवान्यावाचून तयार करणे हा गुन्हा आहे. तो विकण्यासाठी केला की घरी पिण्यासाठी, ह्याने फरक पडत नाही. प्रथा जुनी आहे म्हणून कायदा शिथिल होत नाही. परवाना देण्याचे काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असते. ज्या शेतकरी बंधूंना फळांवर प्रक्रिया करून हा धंदा करावयाचा असेल त्यांनी प्रथम त्या विभागाकडे चौकशी करावी. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे चिकूपासून वाइन करणारा उद्योग उभा राहिला आहे. म्हणजे पालघर जिल्ह्यातील फळांना ह्या वाटेने भाव मिळू शकतो, मात्र परवान्याच्या वाटेनेच. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील माहिती सांगताना ही गोष्ट आधी सांगावी, नंतर नव्हे.

आंबवण म्हणजे काय

रसातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू ह्यांत रूपांतर करतात. बरणीत दिसणारे बुडबुडे ह्या वायूचेच असतात. हे काम सजीवांचे आहे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्वमान्य नव्हती. १८५६ साली फ्रान्समधील लील येथे बीटच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली, तेव्हा त्याने लुई पाश्चर ह्यांची मदत मागितली. पाश्चर ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता चांगल्या पिंपात गोलसर यीस्ट दिसले आणि बिघडलेल्या पिंपात त्यांच्या जागी बारीक काड्यांसारखे निराळेच जंतू दिसले. उमेळ्यातील बरणी बिघडते तेव्हाही बहुधा हीच गोष्ट घडते: ज्या जीवांनी काम करावयाचे ते थकतात किंवा मरतात, आणि मोकळ्या राहिलेल्या साखरेवर दुसरेच जीव येऊन बसतात. म्हणून थांबलेल्या आंबवणाकडे आठवडाभर दुर्लक्ष करून चालत नाही.

यीस्टला गुरासारखेच समजावे. त्याला खाद्य हवे, पाणी हवे, सोसेल एवढीच उष्णता हवी, आणि गोठ्यात साचलेल्या घाणीत त्याचा जीव गुदमरतो. येथे ती घाण म्हणजे त्यानेच तयार केलेला मद्यार्क होय.

खरोखर थांबले आहे काय

प्रथम खात्री करून घ्यावी. बुडबुडे दिसेनासे झाले म्हणजे आंबवण थांबलेच असे नाही. झाकण सैल असेल तर वायू फटीतून निघून जातो आणि नळीतून बुडबुडा येत नाही. उलट आंबवण संपलेले असतानाही उन्हाने तापलेल्या रसातून साठलेला वायू काही दिवस वर येत राहतो. जिभेचाही भरवसा नाही. जांभळासारख्या तुरट व करवंदासारख्या आंबट रसात उरलेली साखर कळत नाही आणि पिकलेल्या चिकूच्या रसात साखर संपूनही गोडीचा भास राहतो.

खरे उत्तर हायड्रोमीटर देतो. काचेची ही नळी फार महाग नसते व गावातील चार घरांना मिळून एक पुरते. पाण्यात तिचे वाचन १.००० येते, साखरेमुळे रस जड झाला की वाचन वाढते आणि मद्यार्क वाढू लागला की उतरते. पूर्ण आंबलेल्या रसाचे वाचन १.००० च्या आसपास किंवा त्याहून थोडे खाली, ०.९९० पर्यंत येते. वाचन तेथे पोचले असेल तर काम झाले आहे. काही करू नये. ते १.०१५, १.०३० किंवा त्याहून वर असेल आणि तीन दिवस ओळीने घेतलेली वाचने सारखीच असतील, तरच आंबवण थांबले असे म्हणावे. सुरुवातीचे वाचन लिहून ठेवलेले असेल तर किती मद्यार्क झाला हेही काढता येते: सुरुवातीच्या वाचनातून आजचे वाचन वजा करावे व बाकीला १३१ ने गुणावे. सुरुवातीला १.१०० आणि आता १.०४० असेल तर बाकी ०.०६०, म्हणजे मद्यार्क सुमारे ७.९ टक्के. बागाईतदारांकडे द्राक्षाची वा उसाची गोडी पाहण्यासाठी ब्रिक्स दाखविणारा रिफ्रॅक्टोमीटर कधी कधी असतो. रस आंबविण्यापूर्वी तो चांगला उपयोगी पडतो; परंतु मद्यार्क तयार झाल्यावर त्याचे वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते, म्हणून थांबलेल्या रसाची परीक्षा त्याने करू नये.

पाककृतीतच असलेला दोष

घराघरांतून जी कृती तोंडी चालत आली आहे ती साधारण अशी: एक किलो काळी द्राक्षे, एक किलो साखर, दोन लिटर पाणी, चमचाभर पावाचे यीस्ट, मूठभर गहू, थोडी दालचिनी व लवंग, आणि एकवीस दिवस. ह्या कृतीने केलेली वाइन गोड होते व ती तशी आवडते, म्हणून तिचा दोष कोणाच्या ध्यानात येत नाही. हिशेब मांडून पाहिला तर तो उघड दिसतो.

एक किलो द्राक्षांत सुमारे १५० ग्रॅम साखर असते. वरची १,००० ग्रॅम मिळून ११५० ग्रॅम झाली. दोन लिटर पाणी, द्राक्षांचा पाऊण लिटरच्या आतबाहेर रस आणि विरघळलेल्या साखरेने व्यापलेली जागा असा एकूण द्रव सव्वातीन लिटरच्या जवळपास भरतो. म्हणजे लिटरला सुमारे ३५० ग्रॅम साखर. लिटरमागे १७ ग्रॅम साखर खर्च होते तेव्हा एक टक्का मद्यार्क तयार होतो. ३५० ला १७ ने भागले असता उत्तर २० हून अधिक येते. एवढा मद्यार्क सोसणारे यीस्ट घरी नसतेच. पावाचे यीस्ट १० टक्क्यांच्या आसपास थकू लागते. वाइनसाठी निवडलेल्या चांगल्या जाती १४ टक्क्यांपर्यंत, काही थोड्या त्याहून पुढे जातात. तेव्हा ही बरणी थांबणार हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. शिवाय एवढ्या दाट पाकात यीस्टच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्यात मीठ आणि मुरंब्यात साखर जे काम करते तेच येथे होते. मुरंबा आंबू नये म्हणून आपण साखर घालतो आणि वाइन आंबावी म्हणूनही तेवढीच घालतो, हे विचित्र खरे!

त्याच द्राक्षांत व त्याच पाण्यात एक किलोऐवजी ४०० ग्रॅम साखर घातली तर लिटरला सुमारे १८५ ग्रॅम साखर होते व ११ टक्क्यांच्या जवळपास मद्यार्क होऊन आंबवण संपते. साखर एकदम न घालता अर्धी पहिल्या दिवशी व अर्धी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घालावी. गोडी हवीच असेल तर ती पिण्याच्या वेळी पेल्यात मिसळावी.

दालचिनी व लवंग ह्यांचाही विचार करावा. ह्या मसाल्यांच्या तेलात जंतू मारण्याचा गुण आहे आणि यीस्टही त्यातून सुटत नाही. मसाला रसाबरोबर पहिल्याच दिवशी उकळून घालण्याची रीत आहे; ती सोडून आंबवण संपल्यावर चार दिवस मसाल्याची पुरचुंडी बरणीत सोडावी. वास उलट अधिक चांगला राहतो.

इतर कारणे

उष्णता हे दुसरे मोठे कारण. २० ते ३० अंश सेल्सिअस ही यीस्टला मानवणारी मर्यादा. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली बरणी सहज ३५ अंशांच्या वर जाते. आंबवणाची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. अशा उष्णतेत यीस्ट आधी जोराने धावते व मग एकाएकी मरते. मेलेले यीस्ट थंडाव्याने जिवंत होत नाही. बरणी घमेल्यात पाणी घालून त्यात ठेवावी व भोवती ओले फडके गुंडाळावे. माठातले पाणी ज्या रीतीने गार होते त्याच रीतीने बरणी गार राहते. डिसेंबरच्या रात्री मात्र उलटा प्रकार होतो. थंड फरशीवर ठेवलेल्या बरणीतील यीस्ट मरत नाही, नुसते पेंगते व तळाशी बसते. अशी बरणी पाटावर घेऊन गोणपाट गुंडाळावे आणि स्वच्छ चमच्याने तळाचा साका हलकेच वर आणावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते, म्हणून थंडीच्या दिवसांत दुसरा कोणताही उपाय करण्यापूर्वी हा करून पाहावा.

तिसरे कारण उपासमार. यीस्टला साखरेबरोबर नत्र व जीवनसत्त्वे लागतात. द्राक्षांच्या रसात ती बऱ्यापैकी असतात. परंतु पाणी घालून पातळ केलेल्या रसात, आल्याच्या वाइनमध्ये, अथवा नुसत्या साखरेच्या पाण्यावर भिस्त ठेवलेल्या कृतींत ती फारच कमी पडतात. उपाशी यीस्टच्या बरणीला सडलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. मूठभर गहू घालण्याच्या जुन्या रीतीत ह्या दृष्टीने थोडे तथ्य आहे. मनुका घालण्याने मात्र मुख्यतः साखरच वाढते.

येथे शेतकऱ्यांना एक निकराची सूचना देणे भाग आहे. यीस्टला नत्र व स्फुरद देण्यासाठी डायअमोनियम फॉस्फेट वापरतात हे ऐकून घरातील डीएपी खताच्या गोणीतून चिमूटभर काढून घालण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. खताच्या डीएपीत खाण्यास अयोग्य अशा जड धातूंची व इतर द्रव्यांची भेसळ असू शकते. ते पिकासाठी केलेले असते, पोटासाठी नव्हे. युरिया तर मुळीच घालू नये; मद्यार्काशी त्याचा संयोग होऊन इथाइल कार्बामेट हे कर्करोगाशी संबंध असलेले द्रव्य तयार होते. नवसागराचीही हीच कथा, तो हातभट्टीची खूण आहे. खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकले जाणारे डायअमोनियम फॉस्फेट मिळाले तर लिटरला अर्धा ग्रॅम पुरे. ते न मिळाल्यास घरगुती उपाय अधिक सोपा आहे: चमचाभर पावाचे यीस्ट अर्धा कप पाण्यात दहा मिनिटे उकळावे व निवू द्यावे. उकळल्याने ते मरते, परंतु त्याच्या शरीरातील नत्र व जीवनसत्त्वे जिवंत यीस्टला खाद्य म्हणून मिळतात.

फळाप्रमाणेही फरक पडतो. केळे व चिकू ह्यांत आम्लता फार थोडी असते, त्यामुळे परके जंतू लवकर शिरकाव करतात. ह्या रसांत लिंबाचा रस घालावा. जांभळात आम्लता व तुरटपणा पुरेसा असतो, गोडी मात्र बेताची. कच्च्या चिकूचा चीक रसात उतरू देऊ नये. बाजारातील बाटलीबंद रस वापरला असेल तर तिच्यावरील चिठ्ठी वाचावी. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट किंवा गंधकयुक्त परिरक्षक घातलेला रस न आंबण्यासाठीच केलेला असतो. त्यात कितीही यीस्ट ओतले तरी ते वाया जाते.

पुन्हा सुरू करण्याची रीत

थांबलेल्या रसात कोरडे यीस्ट वरून भुरभुरण्याचा उपाय सर्वजण करतात आणि तो बहुतेक फसतो. आधीच मद्यार्क असलेल्या रसात एकदम टाकलेले यीस्ट अंग धरण्यापूर्वीच मरते. दुधाला विरजण लावतो तसे येथे आधी विरजण तयार करावे लागते आणि त्याला थांबलेल्या रसाची हळूहळू सवय लावावी लागते.

पाच लिटर रसासाठी पाच ग्रॅम ताजे कोरडे यीस्ट घ्यावे. शक्य तर वाइनचे व जास्त मद्यार्क सोसणाऱ्या जातीचे घ्यावे. वाटीभर, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर पाणी उकळून ३८ ते ४० अंशांपर्यंत निवू द्यावे. हाताला कोमट लागेल इतके. त्यात यीस्ट पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे. फेस आला नाही तर यीस्ट जुने आहे, ते टाकून दुसरे आणावे. आता त्यात तेवढाच ताज्या फळाचा, मसाला न घातलेला रस व चमचाभर साखर घालावी, वर सांगितलेले उकळलेले यीस्ट मिसळावे आणि चांगले ढवळावे, कारण ह्या वेळी यीस्टला हवा लागते. काही तासांत विरजण खदखदू लागते. मग त्याच्या मापाएवढा थांबलेला रस त्यात घालावा आणि ते पुन्हा जोराने खदखदेपर्यंत थांबावे. मग पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट, अशा रीतीने ते अडीच लिटरच्या जवळपास आले की उरलेला रस ओतावा. प्रत्येक वेळी घातलेला रस विरजणापेक्षा फार थंड असू नये. ह्या कामाला दोन-तीन दिवस लागतात. घाई करणाऱ्याचे विरजण मधल्या पायरीवरच बसते. तसे झाल्यास पुढचा रस घालू नये, थांबावे.

विरजण घालण्यापूर्वी थांबलेला रस तळाच्या साक्यावरून हलक्या हाताने दुसऱ्या स्वच्छ भांड्यात काढून घ्यावा. भांडे काचेचे, चिनी मातीचे, स्टेनलेस स्टीलचे किंवा अन्नासाठी योग्य अशा प्लॅस्टिकचे असावे. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे व जस्ताची बादली वापरू नये. आंबट रस त्या धातूंना खातो व ते विष पोटात जाते.

वर सांगितल्याप्रमाणे एक किलो साखर पडलेला, मद्यार्काने थकून थांबलेला रस असेल तर केवळ विरजणाने भागणार नाही. त्यात आधी तेवढेच उकळून निवविलेले पाणी घालावे. समजा १२ टक्के मद्यार्क होऊन लिटरला १४६ ग्रॅम साखर उरली आहे. पाण्याने दोन्ही निम्मी होतात, म्हणजे ६ टक्के व ७३ ग्रॅम. ती साखर आंबली की आणखी चारसव्वाचार टक्क्यांची भर पडते व काम दहाच्या थोडे पुढे संपते. चव पाणचट होते हे खरे. थोडे लिंबू व निम्म्या पाण्याऐवजी ताजा फळाचा रस घातल्यास ती सुधारते. ज्यांना हे नको असेल त्यांनी आणखी खटपट करू नये. तो रस गोडच समजून थंडीत ठेवावा, लवकर संपवावा, आणि बाटलीचे झाकण कधीही घट्ट लावू नये.

कोणता रस वाचवू नये

वर पांढरी, हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी आलेला रस गाळून घेण्याची सवय आढळते. बुरशीची विषे फडक्याने गाळली जात नाहीत. असा रस फेकून द्यावा. कंपोस्टच्या खड्ड्यात तो चालतो. आंबट झणझणीत वास सुटला असेल व बरणीभोवती चिलटे घोंगावत असतील तर शिरक्याचे जंतू शिरले आहेत. त्याला कोणतेही विरजण परत फिरवू शकत नाही. त्या रसात साखर फार उरलेली नसेल तर तो मुद्दाम शिरक्याकडे वळविता येतो: रुंद तोंडाच्या भांड्यात पातळ फडके बांधून हवेशीर जागी ठेवावा. मद्यार्क सहा टक्क्यांच्या आसपास असला तर शिरका चांगला होतो. १२ टक्क्यांच्या रसात तेवढेच पाणी घालून तो त्या मापाला आणावा. विक्रीच्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते. मात्र शिरक्याचे भांडे वाइनच्या बरण्यांपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावे. एकच चमचा दोन्हीकडे फिरला तर पुढच्या नाताळाची बरणीही आंबट होते.

थांबलेला रस भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढण्याचा विचार कोणी बोलून दाखविल्यास कार्यकर्त्यांनी तो तेथेच मोडून काढावा. तोही गुन्हाच आहे, आणि घरगुती भट्टीत आग लागण्याचा धोका निराळाच.

शंका राहिल्यास डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रात फळप्रक्रियेविषयी विचारणा करता येईल. जाताना रसाचा नमुना अर्ध्या भरलेल्या बाटलीत, सैल झाकणाने न्यावा आणि सोबत फळाचे नाव, साखरेचे व पाण्याचे माप, यीस्ट घातल्याची तारीख व हायड्रोमीटरची वाचने लिहिलेला कागद द्यावा.